ड्रम फिरवलेला वाफा

“मारलं! मारलं! अरं, उभं पीक मारलं!”

आक्कांचा दीर बांधावर उभा राहून असा काही ओरडत होता, की तिकडे येवल्यात मागावर बसलेल्या विणकरांच्या हातातले धोटे थांबले असतील आणि एखाद्या पैठणीच्या पदरावरचा मोर मान वळवून बघत राहिला असेल. आम्ही मात्र थांबलो नाही. थांबता येतच नव्हतं. मी आणि आक्का खांद्यावर एकेक दोरी घेऊन पुढं ओढत होतो आणि आमच्या मागून डांबराचा दोनशे लिटरचा रिकामा ड्रम गडगडत येत होता. तो ज्यावरून येत होता तो होता दीड महिन्याचा, पिवळ्या फुलांनी भरलेला, कुणाचीही दृष्ट लागावी असा भुईमूग.

“वहिनी, त्या मानसाच्या नादी लागू नका! लेकरावरनं गाडी घालावी तसं करतोय त्यो!”

“व्हा बाजूला, भाऊजी,” आक्का म्हणाल्या. त्यांचं दिराला उत्तर नेहमी एवढंच असायचं. एका श्वासात तीन शब्दांच्या वर बोलताना मी त्यांना फारसं ऐकलेलं नाही.

मी त्या वेळी नाशकात एका संस्थेत नोकरीला होतो. नव्वदीतली शेवटची वर्षं. द्वारका चौकाजवळ एका टायरच्या दुकानावर आमचं ऑफिस, आणि संस्थेचं काम म्हणजे दोन-तीन एकरवाल्या शेतकऱ्यांना भुईमूग, हरभरा, मूग, मटकी असल्या पिकांसाठी मदत करणं. हा ‘मदत’ शब्द मी येवल्याच्या बाजूला पहिल्यांदा उच्चारला तेव्हा समोरच्या माणसानं आधी माझे हात बघितले, मग चपला बघितल्या, आणि मी निघाल्यावर गोठ्यात जाऊन शेळ्या मोजल्या. खोटं सांगत नाही. एक शेळी जास्त भरली म्हणून त्याला आणखीच संशय आला होता.

आक्कांची वस्ती गावापासून बाजूला, दहा-बारा घरांची. तिथं मी पहिल्यांदा गेलो तो जिवाणूंची काळी पूड घेऊन. गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळायची, सावलीत सुकवायचं आणि पेरायचं, एवढंच काम. पण वस्तीत एक निवृत्त गुरुजी राहायचे. त्यांनी चष्मा वर सरकवून विचारलं, “जिवाणू म्हणजे जंतूच ना?”

“जंतूच. पण चांगले.”

“चांगले जंतू,” गुरुजी म्हणाले. तीस वर्षं त्यांनी पोरांना जेवणाआधी हात धुवायला लावले होते. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी उद्या चांगले साप घेऊन येणार याची त्यांना खात्रीच पटली असावी.

त्या दिवशी पूड घेतली ती एकट्या आक्कांनी. नवरा वारल्यावर पंचांनी तोंडी सांगून विहिरीच्या शेजारची अर्धा एकर त्यांच्या ताब्यात दिलेली. कागदावर सगळं दिराच्याच नावावर. या दिराला सगळी वस्ती आबा म्हणायची, म्हणून मीही आबाच म्हणायचो. आबांचं बाकीचं सगळं रान कांद्याचं. विहिरीशेजारची ती अर्धा एकर त्यांच्या कांद्याच्या मधोमध हिरव्या ठिगळासारखी दिसायची आणि त्यांच्या डोळ्यांत सलायची. पण आक्का तिथं काय पेरायचं हे कुणाला विचारत नसत. वस्तीतल्या दुसऱ्या एकाही बाईला असं न विचारता काही पेरता येत नव्हतं. त्यामुळं त्या अर्ध्या एकरावर आबांचाच नाही, घराघरातल्या पुरुषांचा आणि वेगळ्या कारणानं बायकांचाही डोळा होता.

आणि त्यात मी ड्रम आणला.

ड्रमचं कारण साधं आहे. भुईमूग हे मुळात लपवाछपवी करणारं पीक. फूल वर येतं, शेंग खाली धरते. फूल सुकलं की त्यातून सुईसारखी आरी निघते, ती खाली मातीत शिरते आणि तिच्या टोकाला शेंग धरते. ज्या आऱ्या मातीपर्यंत पोचत नाहीत त्या हवेतच वाळून जातात. म्हणून फुलं भरात असताना रिकामा ड्रम पिकावरून हलका फिरवायचा. झाडं लवतात, आऱ्या जमिनीला टेकतात, शेंगा वाढतात. झाडं दोन दिवसांत पुन्हा उभी राहतात. हे मी पुस्तकात वाचलं होतं, प्रशिक्षणात ऐकलं होतं आणि शंभर ठिकाणी छातीठोकपणे सांगितलं होतं. डोळ्यांनी बघितलं मात्र एकदाही नव्हतं. ही गोष्ट त्या दिवशी फक्त मला आणि ड्रमला माहीत होती.

आक्कांना मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “आधी एका वाफ्यावर.”

“सगळ्यांवर फिरवू की, आक्का. ड्रम आणलाच आहे एवढा.”

“एका.”

तर त्या एका वाफ्यावर ड्रम फिरला आणि आबा ओरडले. वस्ती गोळा झाली. गुरुजी आले, आबांची बायको हातातलं पीठ न पुसता आली, बांधावर माणसं अशी दाटली की बांधच खचेल असं वाटलं. ड्रम शेवटाला जाऊन थांबला. मागं वळून बघितलं तर वाफा झोपलेला. भुईमूग कसला, गाढवं लोळून गेलेली जागा वाटत होती. तरी तोंडानं मी म्हणालो, “वा! छान!”

“छान?” आबा म्हणाले. “ह्याला छान म्हंता? मंग वाईट कशाला म्हंता तुमी नाशकात?”

“आबा, शेंगा वाढतील.”

“कुनाच्या? तुमच्या?” आबा वळून सगळ्यांना सांगू लागले, “आरं, ह्यांचा डाव वळखा. आधी जंतू चोळले, आता पीक दाबलं. बाईचं रान बुडवायचं, बाई थकली की म्हनायचं, द्या आमाला चालवायला. मंग तिथं ह्यांचं हाफिस.”

लोकांनी माना डोलावल्या. टायरच्या दुकानावरून आमचं ऑफिस आक्कांच्या वाफ्यात येणार हे त्यांना पटलं. मी काही बोलणार तेवढ्यात आबांनी सगळ्यांसमोर बोट रोखलं.

“वहिनी, हा ड्रमचा वाफा आन् हा शेजारचा बिनड्रमचा. दोन्ही सारख्या मापाचे. काढनीला दोन्हीच्या शेंगा येगळ्या मोजायच्या. ड्रमवाला एक मापटं जरी कमी भरला, तर मिरगापासून ही जमीन मी करनार. कांद्याचं रोप टाकनार. पंचांनी दिली आसली तरी पंच काय पीक दाबा म्हनले नव्हते.”

मापटं म्हणजे अर्ध्या शेराचं माप. ओंजळ-दोन ओंजळी शेंगा. त्यावर एका बाईची अर्धा एकर लागली.

“आन् जास्त भरला तर?” आक्कांनी विचारलं.

“तर ह्या बांधाला पुन्यांदा पाय लावनार नाय.”

“बरं,” आक्का म्हणाल्या.

मी त्यांना बाजूला घेऊन म्हणालो, “आक्का, असं काही कबूल करायची गरज नव्हती.” त्या माझ्याकडं बघत राहिल्या. ड्रम कुणी आणला होता, असं त्यांचे डोळे विचारत होते. पण तोंडानं त्या एवढंच म्हणाल्या, “खूण करा.”

खुणेला सुतळी नव्हती. वस्तीतल्या एका घरातली सून येवल्याच्या विणकराकडची होती. तिनं तुटक्या रेशमाची गुंडाळी आणून दिली. दोन वाफ्यांच्या मध्ये खुंट्या ठोकून आम्ही जांभळा रेशमाचा धागा बांधला. साऱ्या जिल्ह्यात रेशमी काठ असलेला भुईमूग तेवढा एकच असेल.

तिसऱ्या दिवशी मी बसमधून उतरलो. आणि काय! वाफा उभा. पाठ झाडून उठल्यासारखी सगळी झाडं ताठ. मला इतका आनंद झाला की मी ड्रमला हात जोडले. बांधावरच्या चार माणसांना म्हणालो, “बघा! सांगितलं होतं ना?” त्यांनी बघितलं, पण त्यांचे चेहरे काही उघडेनात. वर हिरवं दिसतंय ते ठीक, खाली काय आहे ते कुणाला ठाऊक?

आणि पाचव्या दिवशी पाटाच्या तोंडाशी एक झाड वाळलं.

एकच झाड. शेजारची सगळी तजेलदार, आणि हे मान टाकून उभं. हातभर पुढं पाणी खळखळतंय, आणि हे तहानेनं मेल्यासारखं. ही बातमी वस्तीत कशी पसरली ते सांगायला नको. दुपारपर्यंत ती गावात गेली, आणि संध्याकाळी येवल्याच्या स्टँडवर एक माणूस मलाच सांगत होता, की अमुक वस्तीवर एका नाशिकवाल्यानं यंत्र फिरवून दोन एकर भुईमूग जाळला.

“ड्रमनं मुळं तुटली,” गुरुजी म्हणाले. “आतल्या आत. दिसत नाही, पण तुटलीत.”

मी म्हणालो, “एक झाड, गुरुजी. कशानंही वाळतं.”

“सुरुवात अशीच होते.”

सुरुवात अशीच झाली, हे मात्र खरं. पुढच्या खेपेला गेलो तर तीन झाडं वाळलेली. त्याच्या पुढच्या खेपेला नऊ. सगळी ड्रमच्या वाफ्यात. रेशमी धाग्याच्या पलीकडं एकही नाही. जणू रोगाला धागा दिसत होता आणि तो ओलांडायची त्याला मनाई होती. मी हुमणी शोधली, वाळवी शोधली, मूळकूज शोधली, साळिंदराचे ठसे शोधले. वाळलेलं एक झाड धरून हलकं ओढलं तर ते लोण्यातून सुरी निघावी तसं वर आलं. मुळं सुकलेली. आणि शेंगा? एकही नाही. आऱ्यांची नुसती तुटकी टोकं.

तिथं मला पहिल्यांदा वास आला. मुळांचा नाही, माणसांचा.

कुणीतरी येऊन झाड उपटतोय, खाली शेंगा धरल्यात का ते बघतोय, शेंगा तोडून खातोय, आणि आपण आलो होतो हे कळू नये म्हणून झाड परत मातीत खोचून ठेवतोय. दोन दिवसांनी ते वाळतं. वाळलेलं दिसलं की लोक म्हणतात, ड्रमनं मारलं. मग दुसऱ्याला खात्री करून घ्यावीशी वाटते. तोही येतो, उपटतो, बघतो, खोचतो. त्याचंही झाड वाळतं. मग तिसरा.

पहिलं झाड उपटणारा आबांशिवाय दुसरा कोण असणार, असं मी पक्कं ठरवून टाकलं. मी आबांच्या चपलांचे ठसे बघून ठेवले. टायरच्या चपला. पाटाच्या तोंडाशी गेलो तर तिथं टायरचे ठसे होते, अनवाणी ठसे होते, गुरुजींच्या बुटाचे होते, आणि रबरी सोलच्या सँडलचे तर ढिगानं होते. त्या सँडलच्या माणसावर मी दोन दिवस दात खात होतो. तिसऱ्या दिवशी बसमध्ये पाय वर घेऊन बसलो तेव्हा लक्षात आलं की ते माझेच ठसे.

आता सांगायचं तर सगळंच सांगतो. झाडं मीही उपटत होतो.

करणार काय? बाईची जमीन माझ्या ड्रमवर लागलेली. पुस्तकात लिहिलं होतं शेंगा वाढतात, पण पुस्तक लिहिणारा काही पुढच्या मिरगात त्या बाईकडं तोंड दाखवायला येणार नव्हता. एकदा बघितलं तर बारीक शेंगा दिसल्या. आठवड्यानं वाटलं, त्या भरल्या का बघावं. मग वाटलं, एका झाडावरून काय कळणार, दुसरं बघावं. वस्तीतल्या लोकांवर माझा विश्वास नव्हता, त्यांचा माझ्यावर नव्हता, आणि माझा माझ्या ड्रमवर नव्हता. झाडांनी कुणाकुणाचं समाधान करायचं?

परत खोचण्याची मात्र मी एक युक्ती काढली होती. मुळं सुकू नयेत म्हणून मी बसचं तिकीट पाटात भिजवून मुळांभोवती गुंडाळायचो आणि मग झाड लावायचो. मला वाटायचं, माझी झाडं कुणाला ओळखू येणार नाहीत, कारण ती वाळणारच नाहीत. ती सगळ्यांच्या आधी वाळली.

त्या उन्हाळ्यात बांधावर असा एक खेळ चालायचा. कुणी भेटलं की म्हणायचं, “सहज आलो होतो.” आक्कांच्या बांधावरून कुठलाही रस्ता कुठंही जात नव्हता, तरी सगळी वस्ती तिथून सहज जायची. गुरुजी भर दुपारी छत्री घेऊन सहज यायचे. मी दिसलो की म्हणायचे, “पाहणी?” मी म्हणायचो, “पाहणी. तुमची?” ते म्हणायचे, “फेरफटका.” मग दोघंही दुसरा कधी जातो याची वाट बघत आभाळाकडं बघत बसायचो. एकदा आम्ही असे दोन तास बसलो. त्या काळात मी निदान चार घारी तोंडओळखीच्या केल्या.

आक्का सगळं बघत असणार. त्या दिवसभर रानात असायच्या, खुरपत, पाणी देत. पण त्या कुणालाच काही बोलल्या नाहीत. मी एकदा आडून विचारलं, “आक्का, वाफ्यात कुणी येतं-जातं का हो?”

“येतात,” त्या म्हणाल्या.

“कोण?”

“तुमी आलायसा की.”

मी विषय बदलला.

काढणीचा दिवस आला तेव्हा मे महिना संपत आला होता. भुईमूग सरसरून ओढायचा, झटकायचा आणि बायकांनी गोलात बसून शेंगा तोडायच्या, अशी तिथली रीत. आबा सकाळपासून बांधाच्या पलीकडं खाट टाकून बसलेले. गुरुजींना माप धरायला बसवलं, कारण त्यांच्यावर कुणाचा विश्वास नसला तरी संशयही सगळ्यात कमी होता. आधी धाग्याच्या पलीकडचा वाफा उपटला, मग ड्रमचा. दोन ढिगांत दोन मंडळं बसली. या मंडळातली शेंग त्या मंडळात जाऊ नये म्हणून मधोमध खुद्द आबांची बायको, म्हणजे आक्कांची जाऊबाई, पाय पसरून बसली.

गुरुजींनी मापायला सुरुवात केली. बिनड्रमच्या वाफ्याच्या चार पाट्या आणि वर तीन मापटी. मग ड्रमचा वाफा. एक पाटी. दोन. तीन. चार. एक मापटं भरलं. गुरुजींनी खाली उरलेल्या शेंगा हातानं गोळा केल्या, मापट्यात टाकल्या. मापटं जेमतेम अर्धं भरलं.

“चार पाट्या, एक मापटं आणि काही,” गुरुजी म्हणाले. आवाजात दुःख होतं की नाही ते मला आजही सांगता येणार नाही.

आबा खाटेवरून उठले. ओरडले नाहीत. त्या दिवशी त्यांना ओरडायची गरजच नव्हती. “कमी भरला,” ते शांतपणे म्हणाले. “दीड मापटं का व्हईना, कमी. वहिनी, आता बोलनं झालंय ते झालंय. मिरगाला मी नांगर घालतो.”

आक्का उठल्या. त्यांनी पाटाच्या कडेला जाऊन गोणपाट बाजूला केलं. त्याखाली जुड्या होत्या. भुईमुगाच्या वाळक्या झाडांच्या, विसाविसाच्या, नीट बांधलेल्या. त्यांनी त्या एकेक करून आणून सगळ्यांच्या मधोमध ठेवल्या. सात जुड्या. सकाळी वाफा उपटताना जी जी झाडं आधीच मेलेली निघाली, ज्यांच्या आऱ्यांना शेंग नव्हती, ती त्यांनी न बोलता बाजूला काढली होती.

“ह्या शेंगा कुटं हायेत?” आक्कांनी विचारलं.

सात जुड्या म्हणजे एकशे चाळीस झाडं. त्यांच्या शेंगा आल्या असत्या तर ड्रमचा वाफा अख्खी पाटी पुढं गेला असता. हे सगळ्यांना एकाच वेळी कळलं, आणि कुणालाच कळलेलं नाही असे चेहरे सगळ्यांनी एकाच वेळी केले.

“ड्रमनं मेलेली झाडं ती,” आबा म्हणाले. “मेल्या झाडाला शेंग कुटनं येनार?”

आक्का खाली बसल्या. सगळ्यात वरची जुडी त्यांनी सोडली आणि एक झाड माझ्याकडं मूळ करून ठेवलं. मग दुसरं. मुळाभोवती मळकट गुलाबी कागदाचा चिकटलेला बोळा होता. एका बोळ्याला कंडक्टरच्या चिमट्याचं गोल भोक अजून तसंच दिसत होतं.

त्या वस्तीत बसनं येणारा माणूस एकच होता.

आक्का माझ्याकडं बघत नव्हत्या. त्या तिसरं झाड सोडवत होत्या. मला कळलं की त्यांना सगळं माहीत आहे आणि त्या माझं नाव घेणार नाहीत. आता जरा विचार करा. गप्प बसलो असतो तर माझी नोकरी, माझी अब्रू, सगळं शाबूत राहिलं असतं. अहवालात मी लिहिलं असतं, ‘प्रयोग अंशतः यशस्वी’. आणि मिरगात तिथं कांद्याचं रोप आलं असतं.

मी उभा राहिलो. या प्रसंगी माझा आवाज घुमला, वारा थांबला, विहिरीतली कबुतरं उडाली, असं मी पुढं अनेकांना सांगितलं आहे. खरं म्हणजे मला खोकला आला. खोकल्यानंतर मी म्हणालो, “यातली सतरा झाडं मी उपटलीत.”

“एकवीस,” आक्का म्हणाल्या.

“एकवीस,” मी म्हणालो.

आबा हसायला लागले. “घ्या! ज्यानं ड्रम फिरवला त्यालाच भरवसा नाय!”

“नव्हता,” मी म्हणालो. “ड्रम फिरवलेला मी पहिल्यांदाच बघत होतो. म्हणून उपटून बघत होतो. शेंगा भरपूर होत्या. खाल्ल्या मी. आता बाकीच्यांनी सांगा.”

मग गुरुजींनी मापटं खाली ठेवलं, चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला. “शैक्षणिक हेतूनं,” ते म्हणाले, “नऊ.” त्यांच्या मागून एक म्हातारी म्हणाली, “म्या दोन. नातवाला दाखवायला.” मग रेशीमवाली सून, मग तिचा सासरा, मग एकामागून एक, जसा पाटाचा बांध फुटावा. सगळ्यांनीच मोजून कमी सांगितली. आक्का दरवेळी खरा आकडा सांगत होत्या.

“पन म्या नाय,” आबा म्हणाले. “मी शब्द दिला व्हता. मी बांधाला पाय लावला नाय.”

“शब्द आक्का जिंकल्यावरचा होता,” गुरुजी म्हणाले.

“तरी मी नाय.”

तेव्हा दोन ढिगांच्या मधोमध पाय पसरून बसलेली जाऊबाई बोलली. “आवो, मंग ते शनवारी धोतरात बांधून आनलं ते काय व्हतं? म्या भाजून दिलं, तुमी मीठ मागितलं.”

“ते बाजारातलं.”

“ओल्या शेंगा? शनवारी? बाजार मंगळवारी असतोय.” तिनं पदर खोचला. “आन् आपल्या रानात तर समदा कांदाय.”

आबांचा चेहरा मी तेव्हा बघितला तो मला म्हातारपणी मरताना आठवला तरी मी हसत मरीन. ते एकदा बायकोकडं बघत होते, एकदा जुड्यांकडं, एकदा माझ्या सँडलकडं. आक्कांनी एक अख्खी जुडी उचलून आबांच्या खाटेवर ठेवली. वीस झाडं, पाटीत एकही शेंग न आलेली. दीड मापटं एकट्या त्या जुडीनंच भरून निघालं असतं.

गुरुजींनी बसल्या जागेवर निकाल दिला. पैज लावणाऱ्यानंच माप खाल्लं, म्हणून पैज मोडली. आक्कांची अर्धा एकर आक्कांकडं. आबांनी बराच वाद घातला. शेवटी खाट उचलून खांद्यावर घेतली आणि निघाले. जाताना बांधाच्या कोपऱ्यापाशी क्षणभर थांबले आणि वळसा घालून लांबून गेले. त्या दिवसापासून त्यांनी खरंच त्या बांधाला पाय लावला नाही. निदान दिवसा उजेडी कुणाला दिसेल असा नाही. पुढच्या वर्षी आक्कांच्या सगळ्या वाफ्यांवर ड्रम फिरला आणि बायकांनी तो ओढायला रांग लावली. पण ती गोष्ट वेगळी.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी आक्कांच्या अंगणात बसलो होतो. त्यांनी ओल्या शेंगा भाजून माझ्यापुढं टाकल्या. माझ्या डोक्यातून एक गोष्ट जात नव्हती. मी सगळ्यांच्या कबुल्या मनात मांडून बघितल्या होत्या. कुणी वाफ्याच्या मधून उपटली, कुणी धाग्याकडून, कुणी बांधाच्या कडेनं. आबांनीही कडेनंच. पण पाटाच्या तोंडाशी जे पहिलं झाड वाळलं, ज्याच्यापासून हे सगळं सुरू झालं, ते कुणीच कबूल केलं नव्हतं. आणि ते खोचलंही किती नीट होतं! आळं करून, पाणी देऊन.

“आक्का, एक विचारू? तुम्ही सगळ्यांचे आकडे सांगितले. पण ते पहिलं झाड? पाटापाशी? ते कुणी उपटलं?”

आक्कांनी शेंग फोडली. दाणे तळहातावर घेऊन फुंकर मारली, फोलपटं उडाली.

“म्या,” त्या म्हणाल्या.